चौकोनी पिन

तुम्हाला जाऊन पुरता महिना झाला नव्हता, तेव्हाच आदिलने सगळ्या नातेवाइकांसमोर सांगून टाकलं, की अम्मीची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपली की भिंती फोडून घरात नवी वायरिंग करायची. अब्बांची शेवटची इच्छा होती, म्हणाला. बोलताना त्याचा आवाज भरून आला, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. आपला मुलगा भल्या मनाचा आहे आणि भल्या मनाच्या माणसाशी वाद घालणं फार कठीण असतं, हे मला तुमच्याबरोबर राहून चांगलं ठाऊक आहे. राहून असं तरी कसं म्हणू? मस्कतहून सुट्टीवर येणाऱ्या माणसाबरोबर जेवढं राहता येतं, तेवढं राहून.

इच्छा तुमची होती, हे खरंच. पण ती कशातून आली ते आदिलला अर्धंच माहीत आहे. एका कॉम्प्युटरपायी तुम्ही माझं घर फोडायला निघाला होतात, आणि त्यावरून आपलं जे भांडण झालं ते अर्धवट टाकून निघून गेलात. तुमची ही सवय जुनीच. सुट्टी संपत आली की आपल्यात काहीतरी वाजायचं, आणि त्याचा निकाल लागायच्या आत तुमच्या विमानाची वेळ व्हायची.

या वेळी तुम्ही कायमचे आला होतात. सुटकेसमध्ये कपडे कमी आणि टॉवेलात गुंडाळलेले खोके जास्त. मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, मेमरीच्या पट्ट्या. मी म्हटलं, लोक सोनं आणतात, परफ्यूम आणतात, तुम्ही हे काय पत्रे उचलून आणलेत? तुम्ही हसलात. तिकडे खोलीवर सोबत्यांबरोबर तुम्ही असे कॉम्प्युटर जोडायला शिकला होतात, दुसऱ्यांसाठी कितीतरी जोडले होतेत, पण स्वतःचा एकही नव्हता. रिकामी पेटी तेवढी पनवेलच्या बाजारातून आणली आणि जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून तुम्ही बसलात. मी टॉर्च धरला आणि सगळे स्क्रू स्टीलच्या वाटीत गोळा केले. इतक्या वर्षांच्या संसारात आपण दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम असावं. पंखे फिरायला लागले, स्क्रीनवर अक्षरं आली, तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मला उगाचच लाजल्यासारखं झालं.

आणि चहा घेता घेता तो बंद पडला. स्क्रीन काळी, पंखे गप्प. मग कुणी हात न लावता आपला आपण पुन्हा सुरू झाला. तुम्ही म्हणालात, नवीन हाय, लाजतोय. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग दोन दिवस शहाण्यासारखा चालला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळपासून सारखा पडत राहिला. ना वेळ ठरलेली, ना कारण. एखाद्या मुलाला ताप असेल तर औषध देता येतं, पण याला काय झालंय तेच कळेना.

तुम्हाला तो कशासाठी हवा होता हे कळायला मला काही दिवस लागले. आपल्या लेकीचा, रेहानाचा निकाह, आदिलच्या कॉलेजचा समारंभ, माझा शाळेतला निरोप, तुमच्या अम्मीची ती शेवटची ईद. ज्या ज्या प्रसंगांना तुम्ही नव्हतात त्यांचे व्हिडिओ तुम्ही सगळ्यांकडून मागवून घेतले होतेत. ते ओळीने लावून त्यांची एकच लांब फिल्म करायची होती तुम्हाला. मला शेजारी बसवून विचारायचात, हा कोण, ही कुणाची, या बाईच्या हातात कुणाचं मूल हाय. आमच्या वर्गात वर्षाच्या मध्येच दाखल झालेली मुलं मागचे धडे उतरवून घ्यायची, तसे तुम्ही आपलेच नातेवाईक पाठ करत होतात. त्या दिवसांत मी तुमच्यावर जितकी माया केली तितकी आधी केली नसेल. बोलले मात्र नाही. उलट म्हणायची, किती वेळा सांगू, तो माझ्या मावसभावाचा मुलगा.

सगळे तुकडे जोडून फिल्म तयार करायला सांगितलं की कॉम्प्युटर हमखास पडायचा. एरवी मनाला येईल तेव्हा, पण तेव्हा नक्की. अर्धी तयार झालेली फिल्म पुसली जायची आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून.

तुमचा राग मी कधी पाहिला नव्हता. या मशीनपुढेही तुम्ही रागावला नाहीत. मस्कतच्या गोदामात तुमचा नियम होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. तसंच इथे. आधी मेमरीची एक पट्टी काढून पाहिली, मग दुसरी. मग तापतोय का म्हणून पेटीचं दार उघडं ठेवून टेबल-पंखा लावला. मग आतला सगळा विंडोज पुसून नव्याने टाकला. आदिल म्हणाला, अब्बा, सरळ यूपीएस घ्या ना, मागे बॅटरी असली की प्रश्न मिटला. तुम्ही नको म्हणालात. रोग झाकला जाईल, बरा होणार नाय, हे तुमचे शब्द. मला ते फार आवडलं होतं, पुढे काय होणार आहे हे माहीत नव्हतं म्हणून.

मग एक दिवस पेटीच्या मागच्या पत्र्याला तुमचा हात लागला आणि बोटांना बारीक झिणझिण्या आल्या. तुम्ही मला हात लावायला लावलात. मलाही जाणवलं. तुम्ही म्हणालात, या घरात अर्थिंगच नाय. मशीनचा दोष नाय, घराचा हाय.

मी तेव्हा भाजी निवडत होते. निवडतच राहिले. पण मनात काय झालं ते आता सांगते. हे घर मी बांधलं. पैसे तुमचे, तुम्ही दर महिन्याला पाठवत होतात आणि कधी हिशेब विचारला नाहीत, हा तुमचा मोठेपणा मी मोहल्ल्यात सगळ्यांना सांगत आले. पण उन्हात छत्री घेऊन उभी होते मी. शाळा सुटली की पर्स खांद्याला तशीच आणि मी थेट बांधकामावर. भिंतीत वायरींच्या नळ्या टाकताना मी ओवे गावच्या जनार्दन वायरमनच्या डोक्यावर उभी होते, तो वैतागेपर्यंत. पलंगाच्या तुमच्या बाजूला जास्तीचा प्लग बसवून घेतला, सुट्टीवर आलात की मोबाइल उशाशी लागेल म्हणून. फोनवर कॅमेरा फिरवून एकेक खोली दाखवली, आणि प्रत्येक खोलीला तुम्ही म्हणालात, छान. मला ते एवढंसं वाटलं होतं, पण तेही मी जपून ठेवलं. आणि आता कायमचे आल्यावर तुमची पहिली तक्रार निघाली ती या भिंतींच्या आतली.

तुम्ही जनार्दनला बोलावून घेतलंत. तो बिचारा मीटर घेऊन आला, सगळ्या खोल्यांत फिरला. म्हणाला, यूसुफभाई, आमी केलेल्या कामात दोष नाय. तुम्ही म्हणालात, मग हा पडतो कशाला? तो म्हणाला, मशीन तुमचा हाय. तुम्ही म्हणालात, मशीन मस्कतचा हाय. दोघांचेही चेहरे उतरले. शेवटी ईदनंतर भिंती फोडून सगळ्या वायरी बदलायच्या असं तुम्ही ठरवूनच टाकलंत, आणि त्याने मान हलवली ती माझ्याकडे न बघता.

त्या शेवटच्या दिवशी सकाळी मी म्हटलं, माझ्या भिंतींना हात लावू देणार नाही. तुम्ही कॉम्प्युटरसमोरून वळलात आणि म्हणालात, "तुझ्या भिंती? मग माजं काय हाय इथं?"

मी तांदूळ धुवायला आत गेले. उत्तर जेवताना देऊ म्हटलं. जेवणाआधी तुम्ही पाणी मागितलंत, आणि मी पाणी घेऊन येईपर्यंत तुम्ही कुणाचंही उत्तर ऐकण्याच्या पलीकडे गेला होतात.

त्यानंतरचं तुम्हाला काय सांगू. माणसं आली, माणसं गेली. मी इद्दतीत बसले, म्हणजे घराबाहेर पाऊल नाही. बायका येऊन म्हणायच्या, सब्र कर. मी सब्र करत होते, पण माझ्या डोक्यात दुआंच्या मध्येच झिणझिण्या यायच्या. घराचा दोष हाय. हे वाक्य तुम्ही सोबत घेऊन गेलात, आणि आदिल ते इच्छा म्हणून सांभाळत होता. इद्दत संपली की हातोडा येणार. भिंती फुटतील याचं दुःख नव्हतं, असं नाही. पण त्याहून जास्त हे होतं, की एकदा त्या फुटल्या म्हणजे तुमचंच म्हणणं खरं ठरणार. तुम्ही नसताना मी जे सांभाळलं त्याच्या आत सुरुवातीपासूनच खोट होती, असंच कायमचं होऊन बसणार.

म्हणून एके दिवशी दुपारी जोहरच्या नमाजनंतर मी तुमच्या खुर्चीत बसले आणि कॉम्प्युटर सुरू केला. शोधायचं तर इद्दत संपायच्या आत, आणि घरात जे आहे तेवढ्यावरच. तुमचा नियम मला पाठ होता. एका वेळी एकच गोष्ट.

तुम्ही मशीन बदलून बदलून पाहिलं होतंत. मी घर बदलून पाहायचं ठरवलं. त्याला उचलून बैठकीच्या खोलीत नेला, तिथल्या प्लगवर लावला. बंद पडला. स्वयंपाकघरात नेला, जिथे फ्रिज आणि मिक्सर वर्षानुवर्षं मुकाट चालतात. तिथेही पडला, आणि पत्र्याला हात लावला तर झिणझिण्या. त्याच प्लगवर मी माझी पनवेलला घेतलेली जुनी लोखंडी इस्त्री लावली आणि बोट टेकवलं. काही नाही. गार लोखंड. मग माझ्या लक्षात आलं, की कॉम्प्युटर प्रत्येक खोलीत जात होता आणि त्याच्याबरोबर आणखी एक वस्तूही प्रत्येक खोलीत जात होती. ती मी हातात धरून नेत होते, तरी मला दिसत नव्हती.

तुमचा तो पांढरा ॲडॅप्टर, कॉम्प्युटरची मस्कतची पिन ज्यातून इथल्या भिंतीत लागायची.

आपल्या घरातल्या अर्ध्या वस्तूंना चौकोनी पिना आहेत हे बाहेरच्याला विचित्र वाटतं, आपल्याला कधी वाटलं नाही. मोहल्ल्यात ज्या ज्या घरातला माणूस तिकडे आहे तिथे हेच. बरेच जण वायर कापून इथली गोल पिन बसवून घेतात. तुम्ही कधी कापू दिली नाहीत. या पिनेत फ्यूज असतो, म्हणायचात, ही चीज इथं मिळत नाय. आणि तो ॲडॅप्टर तर तुमचाच. प्रत्येक सुट्टीला सुटकेस उघडली की आधी तो भिंतीत लागायचा, त्यावर तुमचा दाढीचा रेझर, मग मोबाइल. निघायच्या दिवशी शेवटी तो निघायचा. मुलं लहान असताना तो भिंतीवर दिसला की अब्बा घरी आहेत, एवढं त्यांना कळायचं. मलाही. त्याच्यावर संशय घ्यायचं तुमच्या मनात आलं नाही, तसं माझ्याही आलं नाही.

मी तो चष्मा लावून नीट पाहिला. पुढून तीन चौकोनी भोकं, मागून दोनच गोल पिना. तीन पाय आत जातात आणि दोनच बाहेर येतात. तिसरा, अर्थिंगचा, आतल्या आत कुठेतरी संपतो. त्या झिणझिण्या तिथल्या. आणि इतक्या वर्षांच्या ये-जा करण्याने भोकं एवढी सैल झाली होती की प्लग बोटाने हलत होता. रेझरला ते चालून जायचं. फिल्म करायला लागलं की तुमचं मशीन जास्त वीज ओढायचं, आणि तिथे त्या सैल जागेत ती तुटायची.

तरी मी खात्री केली. तुमची बायको आहे. स्क्रीन पनवेलला घेतलेली, तिची वायर इथल्या पिनेची. दोघांच्या वायरी एकमेकांना बसतात हे मी तुमच्याकडूनच शिकले होते. मी त्या अदलाबदल केल्या. कॉम्प्युटर इथल्या वायरवर, सरळ भिंतीत. स्क्रीन तुमच्या चौकोनी वायरवर, ॲडॅप्टरमधून. रेहानाच्या निकाहचा व्हिडिओ लावला आणि बघत बसले. बऱ्याच वेळाने टेबलावर हात टेकला आणि स्क्रीन काळी झाली.

पण आवाज चालूच होता. कॉम्प्युटर पडला नव्हता. स्क्रीन अंधारी, आणि कॉम्प्युटरला जोडलेल्या स्पीकरमधून लग्नाचा गलका येत होता, भांड्यांचे आवाज, आणि त्यात तुमच्या बहिणीचा आवाज, भाई नाय आला? आणि मग माझा. मी म्हणत होते, सुट्टी नाय गावली. हसून म्हणत होते. मला वाटायचं मी तेव्हा अगदी सहज सांगायची सगळ्यांना. अंधारात नुसता ऐकला तर तो आवाज सहज नव्हता. स्क्रीन परत लागली तेव्हा रेहानाची सासू शिरखुर्मा वाढत होती.

मी रडले. भिंती वाचल्या म्हणून नाही. तुम्ही हा आवाज ऐकत ऐकत ती फिल्म जोडत होतात, पुन्हा पुन्हा पहिल्यापासून, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मला तुमचा फार राग आला, आणि तो राग कुणावर काढू तेही कळेना.

कारण आणखी एक गोष्ट आहे. तुम्ही आल्यावर थोड्याच दिवसांनी मी म्हटलं होतं, आता कायमचे आलात ना, मग कापून टाका या चौकोनी पिना, इथल्या बसवून घेऊ. तुम्ही मस्कतहून आणलेल्या इस्त्रीची वायर गुंडाळत होतात. म्हणालात, "राहू दे. काय सांगता येतं."

तेव्हा मी सोडून दिलं. आता सुटत नाही. काय सांगता येतं म्हणजे काय? कंपनीने परत बोलावलं असतं तर तुम्ही जाणार होतात? जुन्या साहेबाशी फोनवर बोलायचात ते नुसती विचारपूस म्हणून, की कामासाठी? दोष कुठे आहे ते मी शोधून काढलं, पण हे कुठे शोधू? याला वायर नाही, पिन नाही, अदलाबदल करून पाहावं असं काही नाही.

आदिलला मी सगळं करून दाखवलं. त्याने स्वतः वायरी बदलून पाहिल्या, दोनदा. मग खाली बसला आणि म्हणाला, म्हणजे अब्बाच चुकले. त्याच्या आवाजात असं काही होतं की मला एकदम जिंकणं नको झालं. तुमचं म्हणणं खरं ठरू नये म्हणून मी इतके दिवस घालवले, आणि ते खोटं ठरल्यावर माझ्या मुलाचा बाप त्याच्या नजरेत थोडा लहान होतोय, हे मला बघवेना. मी म्हटलं, चुकले नाहीत. तुझ्या अब्बांनी जोडलेलं मशीन उत्तम आहे. तो उठला आणि मशीनवरची धूळ पुसायला लागला.

इथली साधी वायर कॉम्प्युटरला कायमची लावून टाकणं सगळ्यात सोपं होतं. आदिल तेच म्हणाला. ॲडॅप्टर फेकून देऊ, विषय संपला. मी रात्रभर नाही, पण चार-सहा दिवस त्यावर विचार केला. मग मस्कतला नोकरीला असलेल्या जावयाला, रेहानाच्या नवऱ्याला, फोन केला आणि म्हटलं, येताना तिकडचं एक सॉकेट आण, भिंतीत बसवायचं, चौकोनी भोकांचं. त्याने विचारलं, अम्मी, तिकडे त्याचा काय उपयोग? मी म्हटलं, आण तू.

इद्दत संपली. जनार्दन आला. तो येताना अवघडलेला होता, सगळं घर फोडायचं समजून मोठा हातोडा घेऊन आला होता. मी त्याला कॉम्प्युटरमागची भिंत दाखवली आणि सॉकेट हातात दिलं. त्याने ते उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाला, भाभी, असा इथं कोन लावत नाय. मी म्हटलं, लाव, आणि तिसरी वायर नीट जोड. छिन्नीचा पहिला घाव बसला. प्लास्टरचे तुकडे पडले, आतली वीट दिसली. मी तशीच समोर उभी राहिले.

आदिल दारात येऊन म्हणाला, "अम्मी, एवढंच? बाकी घराचं काय?"

"बाकी घराला काही झालेलं नाही," मी म्हटलं.

सिमेंट सुकल्यावर मी तुमची पिन, न कापलेली, त्यात घातली. ती सहज गेली नाही. तळहाताने दाबावी लागली, आणि बसली ती अशी घट्ट की हलवून हलेना. कॉम्प्युटर सुरू केला आणि तुमची फिल्म करायला लावली. तो थांबला नाही. दुपारभर पंखे फिरत राहिले आणि मी शेजारी बसून होते, तो पडेल म्हणून. पडला नाही. फिल्म पूर्ण झाली. तिच्यात सगळे आहेत.

त्या दिवशी तुम्ही विचारलंत, माजं काय हाय इथं, आणि मी तांदूळ धुवायला निघून गेले. त्याचं उत्तर आता भिंतीत आहे. तुम्ही आलात त्याच आठवड्यात मी ही भिंत फोडून घेतली असती, तर तुम्ही "राहू दे, काय सांगता येतं" असं म्हणाला असतात का?